न्यूग्राउंड्स

ब्राउझरमध्येच खेळता येणारे संगणकीय खेळ व लघु अॅनिमेशनपट यांचे अमेरिकेतील एक जुने व प्रभावी संकेतस्थळ. टॉम फुल्प (१९७८– ) या पेनसिल्व्हेनिया राज्यातील तरुणाने १९९५ मध्ये ते वैयक्तिक पृष्ठ म्हणून सुरू केले. एप्रिल २००० पासून कोणाही नोंदणीकृत व्यक्तीला आपली कृती तेथे स्वतः चढविता येऊ लागली आणि ती ठेवावी की काढून टाकावी याचा निर्णय प्रेक्षकांच्या मतांवर सोपविण्यात आला. चित्रफितींची आजची प्रसिद्ध संकेतस्थळे निघण्यापूर्वी पाच वर्षे ही व्यवस्था येथे रूढ झालेली होती. संस्थेचे कार्यालय फिलाडेल्फिया शहराजवळील ग्लेनसाइड येथे आहे.

ब्राउझर खेळ म्हणजे विकत न घेता, संगणकात वेगळा बसवून न घेता, संकेतस्थळाचे पृष्ठ उघडताच खेळता येणारा खेळ. अशा खेळांचा पहिला बहराचा काळ १९९९ ते २०१० हा होय. तो जवळजवळ सर्वस्वी फ्लॅश या एका तंत्रावर उभा होता. त्यामुळे न्यूग्राउंड्सचा इतिहास समजण्यासाठी प्रथम फ्लॅशची माहिती आवश्यक ठरते.

जोनाथन गे व चार्ली जॅक्सन यांनी १९९३ मध्ये सॅन डिएगो येथे फ्यूचरवेव्ह ही लहानशी कंपनी काढली. लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्रे काढण्याची आज्ञावली तयार करणे हा तिचा मूळ उद्देश. ते संगणक बाजारात टिकले नाहीत. तेव्हा त्याच आज्ञावलीत हालचालीची सोय घालून १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर या नावाने ती विक्रीस आणण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ती विकत घेतली आणि नाव आटोपशीर करून फ्लॅश असे ठेवले. फ्लॅशमध्ये चित्र ठिपक्याठिपक्यांनी साठविले जात नसे. रेषांची वळणे व रंगाच्या सीमा यांचे गणिती वर्णन साठविले जाई आणि प्रेक्षकाचा संगणक त्यावरून चित्र पुन्हा रेखाटत असे. एकदा काढलेले पात्र शेकडो चौकटींत वापरले तरी ते एकदाच पाठवावे लागे. या गोष्टीचे महत्त्व त्या काळचा दूरध्वनीच्या तारेवरील जोडणीचा वेग लक्षात घेतल्यावर पटते. सेकंदाला ५६ किलोबिट या कमाल वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरण्यास सुमारे अडीच मिनिटे लागत, आणि तो कमाल वेग प्रत्यक्षात क्वचितच मिळे. तेवढ्याच जागेत चित्रफितीचे काही सेकंद मावत. फ्लॅशमध्ये मात्र कित्येक मिनिटांचा अॅनिमेशनपट ध्वनीसह मावे. फ्लॅशची फाइल चालविण्यासाठी ब्राउझरला जोडावयाचा फ्लॅश प्लेअर फुकट मिळत असे. कृती तयार करण्याचे साधन मात्र विकाऊ होते आणि दोन्हींवर एकाच कंपनीचा ताबा होता. या ताब्याचे परिणाम पुढे दिसून आले.

टॉम फुल्पने १९९१ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, निओ जिओ या जपानी खेळयंत्राच्या चाहत्यांसाठी न्यू ग्राउंड नावाचे एक हस्तोद्योगी नियतकालिक काढले होते. प्रॉडिजी या तत्कालीन ऑनलाइन सेवेवर जमलेल्या मंडळाच्या सुमारे शंभर सभासदांना तो त्याचे अंक पाठवी. साठोत्तरी मराठी वाङ्मयातील लघुअनियतकालिकांशी याची तुलना करण्याचा मोह होतो. वाङ्मयीन भूमिका सोडल्यास ती फारशी गैर नाही: स्वतःच लिहावे, स्वतःच छापावे, प्रस्थापितांची पर्वा करू नये, ही वृत्ती दोन्हींकडे सारखीच. १९९५ मध्ये न्यू ग्राउंड रीमिक्स या नावाने त्याचे पृष्ठ महाजालावर आले. ड्रेक्सेल विद्यापीठात शिकत असता १९९६ च्या उन्हाळ्यात त्याने क्लब अ सील व अॅसॅसिन हे दोन खेळ तेथे ठेवले. बांधणीने अगदी साधे व हेतुतः असभ्य असलेल्या या खेळांमुळे पृष्ठाकडे गर्दी लोटली.

पिकोज स्कूल (१९९९) हा फुल्पचा पहिला महत्त्वाचा खेळ. पिको नावाचा लहान मुलगा आपल्या शाळेत शस्त्रे घेऊन उठलेल्या वर्गबंधूंशी लढतो, असे त्याचे कथानक आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून अनेकांचा बळी घेतला होता; या पार्श्वभूमीवर हे कथानक पुष्कळांना असह्य वाटले यात नवल नाही. तंत्राच्या दृष्टीने मात्र तो एक पराक्रमच होता. फ्लॅशच्या तिसऱ्या आवृत्तीत आज्ञा लिहिण्याची भाषा नव्हती. बटन दाबले असता अमुक चौकटीवर उडी घ्यावी आणि एका चित्रपट्टिकेने दुसरीला चालू वा बंद करावे, एवढीच सोय होती. तेवढ्या सामग्रीत फुल्पने संवाद, पर्याय, शत्रूंशी झुंज आणि शेवट या सर्वांसह पूर्ण खेळ उभा केला. हौशी माणसाने घरी बसून केलेली कृती इतकी घोटीव असू शकते, हे तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. खेळासाठी योग्य अशी आज्ञाभाषा पुढे फ्लॅशच्या चौथ्या व पाचव्या आवृत्त्यांत (१९९९ व २०००) आली.

या खेळानंतर इतरांच्या कृतींचा ओघ सुरू झाला. प्रारंभी फुल्प त्या एकेक करून हाताने पृष्ठावर लावीत असे. ते काम लवकरच एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. त्याचा मित्र रॉस स्नायडर याने लिहिलेल्या आज्ञावलीमुळे एप्रिल २००० मध्ये पोर्टल हा विभाग स्वयंचलित झाला. कृती चढविताच ती सर्वांना दिसू लागे. प्रेक्षक तिला शून्य ते पाच गुण देत. ठरावीक संख्येची मते पडल्यावर सरासरी फार खाली असेल, तर कृती आपोआप पुसली जाई. न्यूग्राउंड्सच्या बोलीत यास ब्लॅम होणे म्हणत. पुसलेल्या कृतींची नावे ‘मृत्युवार्ता’ अशा अर्थाच्या वेगळ्या यादीत जात. सरासरी बरी असेल तर कृती कायमची राखली जाई. मत देणाऱ्याचाही हिशेब ठेवला जात असे. पुढे पुसल्या गेलेल्या कृतीला ज्याने कमी गुण दिले असतील त्याला एका प्रकारचे, तर राखल्या गेलेल्या कृतीला ज्याने चांगले गुण दिले असतील त्याला दुसऱ्या प्रकारचे श्रेय मिळे. रोज मतदान करणाऱ्याचा दर्जा चढत जाई व त्याच्या मताचे वजनही वाढे.

परीक्षकाचीही परीक्षा घेणारी ही योजना चतुर होती. संपादक नेमण्यास पैसा नाही आणि सर्व काही ठेवण्यास संगणकात जागा नाही, अशा दुहेरी अडचणीतून ती निघाली. तिच्यामुळे एरवी कोणी पाहिलीही नसती अशी नवशिक्यांची कामे निदान काही डझन लोकांच्या नजरेखालून जात आणि त्यांवर लेखी अभिप्रायही मिळत. अभिप्राय बहुधा निष्ठुर असत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आपले पहिले चित्र घेऊन यावे, ते तासाभरात पुसले जावे, आणि आठवड्याने त्यांनी अधिक चांगले घेऊन यावे, असा क्रम शेकडोंच्या बाबतीत घडला. जे परत आले नाहीत त्यांची गणती अर्थातच कोठे नाही. या शाळेचे गुणगान करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू सहसा सांगितलेली नाही.

योजनेत एक उणीवही होती: बहुमत केवळ गंमत म्हणून वाईट कृती राखू शके. २००१ मध्ये स्ट्रॉबेरी क्लॉक या टोपणनावाच्या व्यक्तीने बी हे एकच अक्षर दाखविणारी एक कृती चढविली. ती पुसली जाण्याऐवजी राखली गेली. तिच्या अनुकरणातून घड्याळाचे तोंड असलेल्या व यंत्राच्या आवाजात बोलणाऱ्या पात्रांचा एक संप्रदायच निर्माण झाला. क्लॉक क्रू या नावाने ओळखला जाणारा हा गट दरवर्षी १५ ऑगस्ट रोजी आपला घड्याळदिन साजरा करू लागला आणि त्या दिवशी पोर्टल अशा कृतींनी भरून वाहू लागले. नियमित सभासदांना याचा त्रास होई. पण नियमानुसार मते पडत असल्याने फुल्पने ते चालू दिले.

येथून पुढे आलेल्या कृतींपैकी काहींचा निर्देश आवश्यक आहे. मॅट जॉली याची मॅडनेस कॉम्बॅट ही मालिका २००२ मध्ये सुरू झाली. चेहरा नसलेल्या करड्या आकृत्यांच्या अविरत हाणामारीची ही मालिका गतीच्या अभ्यासामुळे अॅनिमेशन करणाऱ्यांत आदर्श मानली गेली. डेव्हिड फर्थ या इंग्रज कलावंताची सॅलड फिंगर्स (२००४ पासून) ही अस्वस्थ करणारी मालिका येथेही गाजली. डिसेंबर २००४ मध्ये एका तरुणाने रोमानियन गाण्यावर खुर्चीत बसून केलेल्या नाचाची चित्रफीत प्रथम येथेच आली व जगभर पसरली. २००३ मध्ये संगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. अॅनिमेशन व खेळ करणाऱ्यांना संगीत हवे असे आणि घरी संगणकावर संगीत रचणाऱ्यांना श्रोते हवे असत; दोघांची गाठ येथे पडली. स्वीडनमधील रॉबर्ट टोपाला याने २०१३ मध्ये काढलेल्या जॉमेट्री डॅश या मोबाइल खेळात न्यूग्राउंड्सवरील गाणी वापरून नवे टप्पे रचण्याची सोय असल्याने हे संगीत मूळ संकेतस्थळाचे नावही न ऐकलेल्या मुलांपर्यंत गेले.

व्यावसायिक खेळांच्या जगाकडे जाणारी वाटही येथूनच निघाली. फुल्प व चित्रकार डॅन पॅलडिन यांचा एलियन हॉमिनिड हा धावत्या झुंजीचा खेळ २००२ मध्ये पोर्टलवर आला. पॅलडिनचा सहकारी जॉन बेझ याने तो घरगुती खेळयंत्रांवर नेण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी २००३ मध्ये द बीहिमथ ही कंपनी स्थापन झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ प्लेस्टेशन २ व गेमक्यूब या यंत्रांसाठी दुकानांत विक्रीस आला. ब्राउझरमधील फुकट खेळाचा विकाऊ अवतार होण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. याच कंपनीचा कॅसल क्रॅशर्स (२००८) हा खेळ त्याहून अधिक यशस्वी ठरला. एडमंड मॅकमिलन व जोनाथन मॅकएन्टी यांचा मीट बॉय (२००८) हाही मूळचा न्यूग्राउंड्सवरचा. त्याचा विस्तार सुपर मीट बॉय (२०१०) या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे स्वतंत्र खेळकर्त्यांची चळवळ म्हणून जी ओळखली गेली, तिच्यातील बऱ्याच जणांनी हात येथेच साफ केला होता.

आशयावरील निर्बंध फार सैल असल्याने वादही बरेच झाले. आत्मघाती बाँबहल्ल्यावर आधारलेला २००२ मधील एक खेळ व व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील हत्याकांडावरील २००७ मधील एक खेळ यांवर वृत्तपत्रांतून तीव्र टीका झाली. प्रेक्षकांचे मत हाच न्याय, ही फुल्पची भूमिका होती. ती सुसंगत असली तरी पुरेशी नव्हती. ज्यांच्या दुःखावर खेळ रचला गेला ते मतदारांत नव्हते, हा आक्षेप त्या भूमिकेने सुटत नाही. कृतींचे वयोमानानुसार वर्गीकरण करण्याची पद्धत मात्र तेथे रुजली. डिसेंबर २०१८ मध्ये टंब्लर या संकेतस्थळाने प्रौढांसाठीच्या आशयावर बंदी घातली, तेव्हा तेथील अनेक चित्रकार न्यूग्राउंड्सकडे वळले, त्याचे कारण हे वर्गीकरणच.

या क्षेत्रात न्यूग्राउंड्स एकटे नव्हते. लंडनमध्ये २००१ साली निघालेले मिनिक्लिप सर्व वयांच्या मुलांसाठी निर्धोक खेळ देत असे. जिम व एमिली ग्रीअर या भावंडांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या काँग्रिगेटने खेळाडूंना बिल्ले व खेळकर्त्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देऊ केला. खेळाच्या आरंभी पुरस्कर्त्या संकेतस्थळाची मुद्रा झळकवून त्याबद्दल रक्कम घेणे, ही खेळकर्त्याच्या प्राप्तीची दुसरी रीत. खेळ जितक्या ठिकाणी नकलून नेला जाई, तितकी ती मुद्राही पसरे. त्यामुळे एरवी चोरी ठरणारी गोष्ट येथे लाभाची झाली. मोची मीडिया ही कंपनी खेळाच्या आतच जाहिरात बसविण्याची सोय करी. तिला २०१० मध्ये शांडा या चिनी कंपनीने सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेतले आणि मार्च २०१४ अखेर ती बंदही झाली. बाजार किती वेगाने आटला याचा अंदाज यावरून येतो.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महाजालाची सेवा जनतेस खुली केली. पुढील दशकात मुंबई-पुण्यातील सायबर कॅफेंतून ब्राउझर खेळ पोहोचले. दुसऱ्याच्या संगणकावर काही बसविण्याची गरज नसल्याने तासाच्या भाड्याने बसणाऱ्यास ते सोयीचे होते. मुंबईतून रिलायन्सच्या अनिल अंबानी समूहाने २००६ मध्ये झपाक हे संकेतस्थळ काढले. त्यावरील क्रिकेटचे खेळ लोकप्रिय झाले. आलोक केजरीवाल यांची गेम्सटूविन ही कंपनीही मुंबईचीच. दोन्ही उपक्रम पुढे मोबाइल खेळांकडे वळले. मात्र हे उपक्रम मुख्यतः कंपनीने खेळ पुरवावेत व लोकांनी खेळावेत अशा स्वरूपाचे होते. अनोळखी मुलाने आपली कृती आणून टाकावी व समवयस्कांनी तिला गुण द्यावेत, अशी जागा येथे तयार झाली नाही.

ऱ्हासाची सुरुवात फोनपासून झाली. अॅपल कंपनीच्या २००७ मधील आयफोनमध्ये फ्लॅश चालत नसे. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून त्याची कारणे दिली: फ्लॅश हे एका कंपनीच्या मालकीचे बंदिस्त तंत्र आहे, ते असुरक्षित आहे, विजेरीचा फार व्यय करते व स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यास अनुरूप नाही. त्यात तथ्य होते. आयफोनवरील खेळ अॅपलच्याच दुकानातून विकले जावेत, हा हेतूही लपलेला नव्हता. मॅक्रोमीडिया २००५ मध्ये सुमारे ३४० कोटी डॉलरना अडोबीने विकत घेतलेली होती. अडोबीने नोव्हेंबर २०११ मध्ये फोनसाठीच्या फ्लॅश प्लेअरचा विकास थांबविला व जुलै २०१७ मध्ये संगणकावरील फ्लॅशही २०२० अखेर संपेल असे घोषित केले. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर कोणतीही फाइल चालविण्यास स्वतःच नकार देऊ लागला. दरम्यान जाहिरातींचे उत्पन्न घटले होते आणि अॅनिमेशन करणारे पुष्कळसे यूट्यूबकडे गेले होते. न्यूग्राउंड्स सभासदांच्या स्वेच्छावर्गणीवर चालू लागले. काँग्रिगेटची मालकी २०१० मध्ये गेमस्टॉपकडे व २०१७ मध्ये साडेपाच कोटी डॉलरना स्वीडनच्या एमटीजीकडे गेली. जुलै २०२० मध्ये तेथे नवे खेळ स्वीकारणे थांबविण्यात आले.

वीस वर्षांत लक्षावधी लोकांनी केलेल्या कृती एका ठरलेल्या तारखेस अवाच्य होणार, असा हा प्रसंग होता. भारतातील बहुतेक मूकपट नष्ट झाले, ते निष्काळजीपणाने व हळूहळू. येथे मुदत तीन वर्षे आधी कळली होती, आणि तिचा उपयोग हौशी लोकांनीच करून घेतला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या फ्लॅशपॉइंट या स्वयंसेवी प्रकल्पाने एक लाखाहून अधिक खेळ गोळा केले. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लॅशच्या कृती ब्राउझरमध्ये चालवून दाखविण्यास सुरुवात केली. त्यासाठी वापरलेली रफल ही आज्ञावली माइक वेल्श याने सुरू केली होती; तो पूर्वी न्यूग्राउंड्समध्येच कामास होता. रफल फ्लॅश प्लेअरचे अनुकरण करते व ती मुक्त असल्याने कोणाही एका कंपनीच्या निर्णयाने बंद पडू शकत नाही. न्यूग्राउंड्सने तिला आर्थिक साहाय्य दिले आणि २०१९ मध्ये जुन्या कृतींसाठी संगणकावर बसविण्याचा स्वतःचा प्लेअरही काढला. २०२१ मध्ये तेथे फ्लॅशमध्येच नव्या कृती करण्याची स्पर्धा घेण्यात आली.

त्याच सुमारास संकेतस्थळास अनपेक्षित उर्जितावस्था आली. कॅमेरॉन टेलर व त्याच्या तीन साथीदारांनी ऑक्टोबर २०२० मध्ये अल्पावधीत खेळ रचण्याच्या लुडम डेअर या स्पर्धेसाठी फ्रायडे नाइट फंकिन हा ताल-खेळ तयार केला. त्यात पिको हा १९९९ मधील मुलगा एक प्रतिस्पर्धी म्हणून येतो. हा खेळ ज्या साधनांनी रचला ती फ्लॅशच्याच परंपरेतील होत. हॅक्स ही भाषा बॉर्दो येथील एका फ्लॅश-खेळ मंडळीतील निकोला कानास याने निर्माण केली, आणि हॅक्सफ्लिक्सल हा संच अॅडम सॉल्ट्समनने फ्लॅशसाठी लिहिलेल्या फ्लिक्सलवरून घेतलेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये या खेळाचा नवा भाग केवळ न्यूग्राउंड्सवर ठेवण्यात आला, तेव्हा गर्दीमुळे संकेतस्थळच बंद पडले. पूर्ण खेळासाठी त्याच महिन्यात लोकवर्गणी मागण्यात आली. उद्दिष्ट ६० हजार डॉलरचे होते. जमले २२ लाखांहून अधिक.

फुल्पने मोठ्या कंपनीस संकेतस्थळ विकलेले नाही, आणि पोर्टलवरील मतदानाची मूळ पद्धत थोड्याफार फरकाने चालू आहे. जुन्या कृतींपैकी पहिल्या दशकातील बहुतेक रफलमुळे पुन्हा पाहता येतात. २००६ मधील नव्या आज्ञाभाषेत लिहिलेल्या कृतींचे काम अधिक किचकट असून ते टप्प्याटप्प्याने होत गेले. ज्या खेळांचा अर्धा भाग दूरच्या सेवा-संगणकावर चालत असे आणि तो संगणक मालकाने बंद केला, त्यांची फाइल हाती असूनही ते खेळता येत नाहीत.